मदत हवी आहे: मुलाला गुडघे जुळवून उकिडवं बसता येत नाही, खुब्याचा स्नायू आखडलाय का?

रानजाई

मुलगा सहावीत आहे. उठाबशा काढताना याचे गुडघे फाकतात, असं शाळेतल्या खेळाच्या सरांनी सांगितलं. घरी बघितलं तर खरंच. पाय जुळवून खाली बसायला लावलं की अर्ध्यावर अडतो, मग दोन्ही गुडघे बाहेरून वळसा घेतात आणि तेव्हा कुठे तो टेकतो. त्या वेळी खुब्याच्या बाजूच्या हाडावर हात ठेवला तर जाड दोरीसारखं काहीतरी 'कट्' करून सरकलेलं हाताला कळतं. दुखत नाही म्हणतो. मांडी मस्त घालतो, त्यामुळे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. खुर्चीवर मात्र एका गुडघ्यावर दुसरा गुडघा चढवता येत नाही. पळताना पावलं बाहेर पडतात.

उजव्या कुल्ल्यावर वरच्या बाजूला कातडी आत ओढली जाऊन खळगा पडलाय, माझा अंगठा मावेल एवढा. लहानपणी तो सारखा तापाने आजारी असायचा आणि दवाखान्यात कुल्ल्यावर इंजेक्शन ठरलेलंच.

एक डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, सुटेल. दुसऱ्यांनी 'ग्लूटियल कॉन्ट्रॅक्चर' (म्हणजे कुल्ल्याचा स्नायू आखडणं) लिहून ऑपरेशन सुचवलं. सासूबाई रोज तेल लावून चोळतायत. व्यायामाने सुटतं का हे? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा, रात्र रात्र झोप नाही.

निरगुडी

ताई, मी फिजिओ आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं बरंचसं ग्लूटियल कॉन्ट्रॅक्चरशी जुळतं. एकाच जागी वारंवार इंजेक्शनं बसली की काही मुलांत स्नायूचा तेवढा भाग मरतो आणि तिथे चिवट पट्टा तयार होतो. मूल वाढतं, हाड लांबतं, पट्टा लांबत नाही. मांडी घालताना गुडघे बाहेरच असतात, म्हणून ती जमते. पाय आत घ्यायची वेळ आली की पट्टा ताणतो आणि अडवतो.

तपासताना आम्ही मुलाला उताणं झोपवून गुडघा सरळ छातीकडे नेतो. तिथे अडला, पण बाहेरून फिरवून नेल्यावर सहज आला, तर संशय बळावतो. ओबरची चाचणीही करतात: कुशीवर झोपवून वरचा पाय उचलून मागे घ्यायचा आणि खाली सोडायचा. पट्टा असेल तर तो अधांतरीच राहतो.

एक गोष्ट मात्र आधी करा. खुब्याचा एक्स-रे काढला नसेल तर उद्याच काढा, समोरून आणि बेडकासारखे पाय फाकवून, असे दोन्ही. याच वयात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थरावरून, घसरण्याचा आजार होतो. त्यातही पाय वर घेताना गुडघा बाहेर वळतो, आणि कधी दुखतो फक्त गुडघा. अचानक लंगडायला लागला किंवा जांघेत दुखलं तर चालू देऊ नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.

तेलाने नुकसान नाही, पण पट्टा चोळून विरघळत नाही. आणि कुणालाही जोर लावून गुडघे दाबू देऊ नका.

घाटमाथा

माझ्या भाच्याचं ऑपरेशन झालंय, दोन्ही बाजूंचं. आधी बरेच महिने ताण देण्याचे व्यायाम केले. सौम्य आखडण्यात त्याने फरक पडतो, पण याचा पट्टा जुना आणि घट्ट होता, हलला नाही. एमआरआयमध्ये पट्टा स्पष्ट दिसला. आता दुर्बिणीतूनही पट्टा सोडवतात, त्याचा उघडून केला. सायटिकाची नस जवळच असते, म्हणून असे खुबे नेहमी सोडवणारे सर्जन शोधा, हे मी पोटतिडकीने सांगतो.

खरी मेहनत नंतरची. सुरुवातीला गुडघे एकत्र बांधून ठेवले होते. मग एका सरळ रेषेवर पाय आत टाकत चालणं, खुर्चीत गुडघ्यावर गुडघा चढवणं, गुडघे जुळवून उकिडवं बसणं. पोरगं रडायचं, बहीणही रडायची. पण हे टाळलं तर व्रण पुन्हा आखडतो. आता तो कबड्डी खेळतो.

रानजाई

दोघांचे मनापासून आभार. एक्स-रे एकाच बाजूने काढलेला आहे, दुसरा उद्या काढते. खर्चाचं कसं?

निरगुडी

शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना ते पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. शाळेत चौकशी करा, नाहीतर जिल्हा रुग्णालयात. आणि यापुढे ताप आला तर 'गोळी किंवा सिरप चालेल का?' हे आधी विचारा. बहुतेक वेळा चालतं.