सागरी रस्त्याने अलिबाग ते वेंगुर्ला: पॅनियर घ्यावे की सीटबॅग?

खाडीपलीकडे:
डिसेंबरात अलिबाग ते वेंगुर्ला, आठ दिवस, शक्य तितकं किनाऱ्याकिनाऱ्याने. मुक्काम घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयींत, म्हणजे तंबू आणि स्टोव्ह नाही. सायकल हायब्रीड: ॲल्युमिनियम फ्रेम, डिस्क ब्रेक, ७०० × ३८ टायर, मागे कॅरिअरसाठी आटे आहेत. चेनस्टे (पेडलच्या आसापासून मागच्या ॲक्सलपर्यंतची दांडी) ४४० मिमी, बूट ९ नंबरचे. सामान ९ किलोच्या आसपास. एक दुकानदार म्हणतो ४० लिटरची पॅनियरची (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना हुकांनी लटकणाऱ्या पिशव्यांची) जोडी घ्या. दुसरा म्हणतो तो जमाना गेला, सीटखाली मागे बांधायची १४ लिटरची सीटबॅग आणि हँडलला एक वळकटी पुरे. डिसेंबर असूनही वॉटरप्रूफच हवं का? परतीला सावंतवाडीहून रेल्वे.

तीन_वायसर:
पिशवीचं नंतर बघू, आधी कॅरिअर. या रस्त्यावर पिशवी फाटण्याआधी कॅरिअरचा बोल्ट ढिला होतो. खड्डे, गतिरोधक आणि उखडलेलं डांबर यांच्या सततच्या थरथरीने तो हळूहळू फिरत बाहेर येतो आणि लक्षात येतो तेव्हा गळून पडलेला असतो. मग सगळा भार एकाच बाजूच्या बोल्टवर येतो आणि तो तुटतो.

२५ किलो क्षमतेचं, चार ठिकाणी घट्ट होणारं कॅरिअर घ्या. सीटच्या दांड्याला एकाच क्लॅम्पने लटकणारं नको. त्याची क्षमता साधारण ९-१० किलोच असते, आणि वजन एका बाजूला गेलं की ते दांड्याभोवती गरकन फिरतं.

बोल्ट एम५, चावी ४ मिमीची ॲलन. बोल्ट स्टेनलेसचे घ्या, आट्यांना निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. लाल नको, ते उघडायला गरम करावं लागतं. ग्रीस लावलेल्या आट्यांवर थ्रेडलॉक धरत नाही, तेव्हा आधी आटे पुसून कोरडे करा. पहिल्या दिवशी २०-२५ किलोमीटरनंतर चारही बोल्ट तपासा, पुढे रोज संध्याकाळी. जवळ दोन जादा बोल्ट, वायसर, पाच-सहा केबल टाय आणि एक होज क्लिप (पाइप आवळायची धातूची पट्टी) ठेवा. बोल्ट आट्यातच तुटला तर होज क्लिपने कॅरिअरचा पाय फ्रेमला आवळून पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

आता पिशवी. ४० लिटर तुम्हाला जास्त आहे. जागा असली की माणूस ती भरतोच. पुढच्या चाकासाठी मिळणारी २५ लिटरची जोडी (प्रत्येकी साडेबारा) मागच्या कॅरिअरला लावा. ती आखूड असल्याने टाच लागत नाही आणि पिशवी पुढे सरकवता येते. हे सरकवणं महत्त्वाचं. वजन मागच्या ॲक्सलच्या मागे गेलं की खाडीवरून सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) येणाऱ्या उभ्या चढात पुढचं चाक हलकं होतं आणि पहिल्या गिअरला हँडल इकडेतिकडे पळतं. पिशवी भरलेली ठेवून पेडल उलटं फिरवा. टाच आणि पिशवीत दोन बोटं अंतर राहिलं की तीच जागा.

हुकांचंही बघा. कॅरिअरची नळी बहुधा १० मिमीची असते आणि हुक १६ मिमीपर्यंतच्या नळ्यांसाठी असतात. सोबतचे प्लास्टिकचे तुकडे आत बसवले नाहीत तर हुक खडखडतो आणि ॲल्युमिनियमची नळी घासत जातो. तुकडे हरवले असतील तर जुनी ट्यूब कापून नळीवर गुंडाळा. खालचा हुक कॅरिअरच्या उभ्या दांडीमागे अडकलाच पाहिजे. तो मोकळा असेल तर गतिरोधकावर पिशवी बाहेर झुलते आणि परत येताना स्पोकमध्ये जाऊ शकते.

सडा_कातळ:
वरचं सगळं मान्य, पण ९ किलो कशाला? राहायला घर, जेवायला घर. सायकलवरचे दोन जोड, संध्याकाळचा एक जोड, पंचा, विंडचीटर, चप्पल, औषधं, चार्जर: तीन-साडेतीन किलो. हत्यारं, दोन ट्यूब, पंप: दीड किलो. पाणी फ्रेमच्या पिंजऱ्यात, ते यात धरायचं नाही. म्हणजे पाच किलो.

कॅरिअर पाऊण किलो आणि वॉटरप्रूफ जोडी दीड-दोन किलो, म्हणजे रिकामंच अडीच किलो ओढायचं. सीटबॅग अर्ध्या किलोत होते. मात्र सीटखालच्या धातूच्या सळ्या आणि मागचा टायर यांत किमान २० सेंमी मोकळं हवं. नाहीतर मोठ्या खड्ड्यात बॅगचं बूड टायरला घासतं आणि तिथेच भोक पडतं. भरताना जड वस्तू टोकाकडे नको, सीटच्या दांड्याजवळ. टोकाला शेंडा जड झाला की उभं राहून पेडल मारताना शेपटी हलते. पट्टे मधेमधे आवळावेच लागतात, कारण आतलं सामान दबत जातं.

९ किलोवर अडूनच असाल तर मात्र पॅनियर घ्या. १४ लिटरच्या सीटबॅगेत नऊ किलो कोंबू नका.

मीठपाणी:
वॉटरप्रूफबद्दल. पावसापेक्षा इथे फेरीबोट, दव आणि खारी हवा यांचा विचार करा. तोंड गुंडाळून बंद होणारी, शिवणीऐवजी वितळवून जोडलेली पिशवी घ्या. हवा दाबून काढायची आणि तोंडाला किमान तीन वेढे. चेनवाली (झिपची) पिशवी नको. धातूचा रनर खाऱ्या हवेत अडकून बसतो आणि दातांत वाळू गेली की ओढताना तुटतो. वेल्क्रोचंही तेच, पुळणीत एकदा टेकवला की संपला. साध्या पिशवीवरचं रेनकव्हर पुढून-वरून झाकतं, पण चाकाचं पाणी कॅरिअरच्या बाजूने येतं आणि तिथे ते उघडं असतं. साधीच पिशवी असेल तर आतून जाड प्लास्टिकची पिशवी घाला. मडगार्ड नसेल तर तेही लावा.

एक तोटाही आहे. घामाचे ओले कपडे अशा पिशवीत रात्रभर राहिले की सकाळी कुबट वास. ते जाळीच्या पिशवीत घालून कॅरिअरवर इलॅस्टिकने बांधा. इलॅस्टिकचं टोक लोंबतं ठेवू नका, कॅसेटमध्ये (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांत) गेलं तर चाक जाम होतं.

आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या चारही ठिकाणी गाड्या नेणारी फेरीबोट आहे. पॅनियर काढायची गरज नाही, पण धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे सायकल हातात धरून चाला. बोटीत ती कठड्याला टेकवून पुढचा ब्रेक रबराने आवळून ठेवा. राजपुरीहून लाँचने (छोट्या प्रवासी बोटीने) दिघीला जायचं ठरवलंत तर मात्र पिशव्या काढून वेगळ्या द्याव्या लागतात, तेव्हा एका हाताने निघणारे हुक उपयोगी पडतात. रोज संध्याकाळी हुक आणि कॅरिअर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. स्टँड वाळूत रुततो, त्याखाली करवंटी पालथी ठेवा. हसू नका, चालतं.

रेल्वेत सायकल ब्रेकव्हॅनमध्ये लगेज म्हणून बुक होते. पिशव्या, लाइट, पंप काढून आपल्यासोबत ठेवा. कुठल्या गाडीत घेतील, ते आदल्या दिवशी पार्सल कार्यालयात विचारा. गाडी थोडाच वेळ थांबत असेल तर सायकल चढवायला वेळच मिळत नाही.

खाडीपलीकडे:
आभार. सामान सहा किलोवर आणलं आणि २५ लिटरची जोडी ठरवली. कॅरिअर बसवून पाहिलं तर दोन अडचणी. डाव्या बाजूला कॅरिअरचा पाय डिस्क ब्रेकच्या कॅलिपरवर (चकती पकडणाऱ्या भागावर) आदळतो. उजव्या बाजूला, चाक फिरवलं की सर्वांत लहान कॉगवर (दातेरी चकतीवर) टकटक आवाज येतो.

तीन_वायसर:
टकटक म्हणजे उजवा बोल्ट लांब आहे. आतून बाहेर आलेलं टोक चेनला लागतंय. फ्रेमच्या आतल्या पातळीपर्यंतच टोक यायला हवं. वायसर वाढवा किंवा २० मिमीऐवजी १६ मिमीचा बोल्ट लावा. आट्यात मात्र पाच-सहा मिमी तरी बसलाच पाहिजे. हे न करता निघालात तर सर्वांत लहान कॉगवर चेन अडकेल.

डावीकडे दोन उपाय. डिस्कसाठी बनवलेलं, पाय बाहेर वाकवलेलं कॅरिअर बदलून घ्या, हा खरा उपाय. किंवा १० मिमीचा धातूचा स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि तेवढाच जास्त लांब बोल्ट. सहा किलोला तो चालेल. पण स्पेसर जितका जाड, तितकी बोल्टवर तरफ जास्त आणि तो वाकायला लागतो. १५ मिमीच्या पुढे जाऊ नका. प्लास्टिकचा स्पेसर नको, तो दबतो आणि बोल्ट आपोआप ढिला होतो. दुकान बदलून देत असेल तर पहिलाच उपाय करा.

सडा_कातळ:
आणि निघण्याआधी मागच्या टायरमध्ये ५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त हवा भरा. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत.

खाडीपलीकडे:
कॅरिअर बदलून मिळालं. उजवीकडे १६ मिमीचा बोल्ट आणि एक वायसर, टकटक बंद.