रायझन ५८००एक्स प्रोसेसर मे महिन्यात ९० अंशांवर अडकतोय, पीबीओ ठेवू की काढू?

तर्रीबाज (नागपूर)

रायझन ७ ५८००एक्स, बी५५० बोर्ड, चार हीटपाइपचा टॉवर कूलर, त्याला एकच १२० मिमीचा पंखा. कॅबिनेटला पुढून दोन पंखे हवा आत घेतात, मागचा एक बाहेर टाकतो. बायोसमध्ये पीबीओ (प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त वीज घेऊ देणारं सेटिंग) अ‍ॅडव्हान्स्ड आणि लिमिट ‘मदरबोर्ड’.

सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण लोड देणारी चाचणी) सुरू केलं की दुसऱ्याच मिनिटाला ९० अंश. मग तापमान तिथेच चिकटतं आणि क्लॉक ४.६५ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर येतो. एचडब्ल्यूइन्फोत (सेन्सरचे आकडे दाखवणारं अ‍ॅप) पीपीटी, म्हणजे प्रोसेसर घेतो ती एकूण वीज, १३० वॅट दिसतंय. खोलीत थर्मामीटर ३८ दाखवतो. एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. जानेवारीत खोली २२ असताना याच सेटिंगवर १४० वॅट घेऊनही ७८ च्या वर जात नव्हता.

पेस्ट बदलू, कूलर बदलू की पीबीओच बंद करू? आणि डेझर्ट कूलरच्या ओलीचा पीसीला त्रास होतो का?

ओहमचा_नियम

पेस्टला हात लावू नका. उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. आत्ता ९० वजा ३८, म्हणजे १३० वॅटला ५२ अंशांची चढ. वॅटमागे ०.४ अंश. जानेवारीत ७८ वजा २२, म्हणजे १४० वॅटला ५६ अंश. तेही ०.४. पेस्ट सुकली असती किंवा कूलर सैल झाला असता तर हा आकडा वाढला असता. खोली १६ अंशांनी तापली, एवढंच झालंय. (पीपीटीत आयओ डायचे, म्हणजे मेमरी वगैरे सांभाळणाऱ्या वेगळ्या तुकड्याचे, वॅटही धरलेले असतात, त्यामुळे गणित ढोबळ आहे, पण तुलनेला पुरतं.)

या चिपचं दुखणं वेगळं आहे. आठही कोर साधारण ८० चौरस मिमीच्या एकाच चिपलेटवर (सिलिकॉनच्या तुकड्यावर) आहेत, आणि ते चिपलेट प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या मधोमध नाही, एका बाजूला आहे. ५९००एक्सलाही १४२ वॅटचीच मर्यादा आहे, पण तिथे ती उष्णता दोन चिपलेटमध्ये वाटली जाते. म्हणून कूलरच्या पात्या हाताला कोमट लागतात आणि चिप मात्र ९० वर असते.

आता उपाय. पीबीओ लिमिट ‘मॅन्युअल’ करा: पीपीटी ११०, टीडीसी (सलग करंटची मर्यादा, अँपिअरमध्ये) ८०, ईडीसी (क्षणिक करंटची) १२०. मूळ आकडे १४२, ९५, १४० आहेत. तुमच्याच ०.४ ने ११० वॅटला ४४ अंश चढ येते, म्हणजे ३८ च्या खोलीत ८२. क्लॉक फारसा पडणार नाही, कारण वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते आणि शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठीच सगळ्यात जास्त व्होल्टेज लागतं. स्केलर (जास्त व्होल्टेज किती वेळ धरायचं ते) १एक्सवर ठेवा, बूस्ट ओव्हरराइड (कमाल क्लॉकमधली वाढ) शून्य. त्याच मेनूत थर्मल थ्रॉटल लिमिट (ज्या तापमानाला चिप स्वतःला मंद करते) असेल तर ८५ टाकून ठेवा, दुपारी लाइट जाऊन डेझर्ट कूलर बंद पडला तर तेवढा आधार.

पान्हा_पक्कड

वरच्याशी सहमत. पण आधी दोन मिनिटांची एक चाचणी करा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेच सिनेबेंच तेवढ्याच वॅटवर चालवा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं तर दोष प्रोसेसरच्या कूलरचा नाही, कॅबिनेटमधल्या हवेचा. पुढची जाळी धुळीने बुजलेली असते, नाहीतर कूलरचा पंखा उलटा बसवलेला असतो.

कधी कूलर काढावाच लागला, तर एएम४ वर (तुमच्या बोर्डाचं सॉकेट) सरळ वर ओढू नका. पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट घट्ट धरून असेल तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं लोड देऊन गरम करा, पीसी बंद करा, कूलर डावी-उजवीकडे पिळत सैल करा, मग उचला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रोसेसरच्या झाकणावर मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट बास. स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा फिरवत आवळा.

टॉवर कूलरची हवा बोर्डाला समांतर वाहते, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारे बोर्डावरचे भाग) पडत नाही. एचडब्ल्यूइन्फोत ‘व्हीआरएम मॉस’ची ओळ बघा. ९० पर्यंत ठीक, १०० ओलांडलं तर मागचा पंखा वाढवा.

बायोसवाली

११० वॅटची मर्यादा झाली की कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोरचं व्होल्टेज पायऱ्यांनी कमी करायचं सेटिंग) लावा. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सगळीकडे उणे ३० टाकून ‘सिनेबेंच पास झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. सिनेबेंचमध्ये ते पास होणारच. गडबड होते ती लोड नसताना, एकटा कोर ४.७ च्या पुढे झेपावतो तेव्हा: ब्राउझर उघडा ठेवून चहा करायला गेलात की मशीन आपोआप रीस्टार्ट.

म्हणून एचडब्ल्यूइन्फोत जे दोन कोर सर्वोत्तम दिसतात त्यांना उणे ८, बाकीच्यांना उणे १५ पासून सुरुवात करा. कोअरसायकलर रात्रभर लावा, तो एकेक कोर वेगळा तपासतो. रीस्टार्ट झालाच तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया लॉगर १८’ (WHEA-Logger 18, हार्डवेअरच्या चुकीची नोंद) शोधा. त्यातल्या एपीआयसी आयडीला २ ने भागा, आलेला पूर्णांक म्हणजे दोषी कोर. ६ किंवा ७ असेल तर कोर ३. त्याच कोरला ३ पायऱ्या परत द्या, सगळ्यांना नको.

क्लॉकसोबत ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ही (प्रत्यक्षात मिळणारा वेग) बघा. पूर्ण लोडवर दोघांत बराच फरक दिसला तर चिप व्होल्टेजअभावी ठोके ताणतेय. तापमान छान दिसेल, पण स्कोअर पडलेला असेल.

तर्रीबाज

कॅबिनेटचं झाकण काढून दोनच अंश फरक पडला. ११०/८०/१२० टाकलं: ८२-८३ वर स्थिर, क्लॉक ४.४५, म्हणजे अडकत होता त्याहून थोडा वरच! कर्व्ह आज रात्री लावतो. पण नुसतं ब्राउझर उघडलं तरी ४८ वरून ६५ वर उडी जाते आणि पंखा घूंऽऽ करतो. २४० मिमीचा वॉटर कूलर घेतला तर हे थांबेल का? आणि ओलीचं राहिलंच.

ओहमचा_नियम

ती उडी पाण्यानेही जाणार नाही. एक कोर क्षणभर १.४ व्होल्टच्या पुढे जातो, त्या इवल्याशा जागेतली उष्णता झाकणापर्यंत पोचायच्या आत सेन्सर ती दाखवतो. पंख्याला सांगा की लगेच धावू नकोस: बायोसच्या फॅन कर्व्हमध्ये ‘स्टेप अप’ ३ ते ५ सेकंद, ६५ अंशांपर्यंत सपाट ४०-४५ टक्के, ८० ला १०० टक्के. २४० मिमीने पूर्ण लोडला काही अंश मिळतील, पण रेडिएटरसुद्धा त्याच ३८ अंशांच्या हवेवर चालणार. मी तरी आत्ता घेणार नाही.

ओलीबद्दल: बाष्प साचतं ते हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर. तुमचा हीटसिंक खोलीपेक्षा गरम असतो, तिथे दव धरत नाही. भीती तुषारांची. बोअरचं जड पाणी असेल तर थेंब वाळून पात्यांवर आणि बोर्डावर पांढरे क्षार बसतात. कॅबिनेट झोताच्या थेट समोर ठेवू नका, दोन-तीन मीटर बाजूला सरकवा. आणि समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत दमट हवा कोंडते, पॅडवरचं पाणी वाळत नाही आणि खोली थंड होत नाही. खोली ३८ ची ३४ झाली तर प्रोसेसरही ७८ वर येईल, फुकटात.