जेईई नाही, पण परीक्षा केंद्रावरच

"ऑनलाइन पदवी म्हणजे पैसे भरा, कागद घ्या" असं वर एकांनी लिहिलंय. सरसकट तसं नाही हो. मद्रास आयआयटीचा डेटा सायन्सचा अभ्यासक्रम बघा. २०२० साली सुरू झाला. जेईई ही आयआयटीची नेहमीची प्रवेश परीक्षा लागत नाही, पण आधी चार आठवडे शिकून, दर आठवड्याच्या असाइनमेंट करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. व्हिडिओ घरी बघायचे. क्विझ आणि सत्राची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. माझा भाचा नोकरी सांभाळून हेच करतोय. परीक्षा आली की आमच्याकडे मुक्काम, आणि मध्यरात्रीपर्यंत संख्याशास्त्राशी झटापट! मधेच सोडलं तरी टप्प्यानुसार प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हाती राहतो, हे मला सगळ्यात पटलं.

मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तरी प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही तपासा. बीटेक पूर्ण ऑनलाइन देतो म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा, तशा बीटेकला परवानगीच नाही. आणि "आजच सीट बुक करा" म्हणून रोज फोन करणारे ते 'काउन्सेलर' बहुधा कमिशनवर असतात.