मदत हवी आहे: पट्टी बदलता येणारे खोगीर आणि घोडीची बदललेली पाठ

माझ्या नऊ वर्षांच्या मारवाडी घोडीच्या खांद्यांवरचा उंचवटा मुळातच उठावदार आहे, आणि पावसाळ्यात सराव थांबल्याने त्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू उतरल्यापासून खोगीर पुढे झुकते व तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताच ती कान मागे पाडते. घामेजलेल्या पाठीवर डावीकडे तळहाताएवढा कोरडा डाग दिसतो, तो बहुधा दाबाचाच असावा. दाबामुळे तिथे पांढरे केस उगवण्याआधी मला उपाय करायचा आहे. खोगिराच्या पुढच्या कमानीतली धातूची पट्टी बदलून रुंदी कमी-जास्त करता येणारे, विंटेक या ब्रँडसारखे खोगीर कोणी वापरले आहे का? अरुंद पट्टी बसवल्यास पुढचा भाग उचलला जाऊन भार घोडीच्या कमरेवर तर सरकत नाही ना? पुण्याच्या परिसरात स्वार बसवून, घोडा चालवून खोगिराची बसणी तपासणारे जाणकार ठाऊक असल्यास कृपया कळवावे. तोवर मी तिच्यावर बसणार नाही.