परळचा टॉवर की बदलापूरचं रो-हाउस?

प्रश्न: परळला बांधकाम चालू असलेला वन बीएचके २ कोटींना, बदलापूरला तयार रो-हाउस ८० लाखांना. दोन्हीचा खरा खर्च कसा धरायचा?

प्रतिसाद १: आधी रोकड मोजा. ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे पदरचे ५० लाख. त्यावर ५ टक्के जीएसटी १० लाख, ६ टक्के स्टॅम्प ड्युटी १२ लाख, नोंदणी ३० हजार. दीड कोटीचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, महिना १ लाख ३० हजार. रो-हाउसला ८० टक्के कर्ज बसतं. ६४ लाखांचा हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. ओसी (राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला) मिळालेल्या घरावर जीएसटी नाही.

प्रतिसाद २: ओसी आहे का, हाच खरा प्रश्न. कागद हातात घेऊन बघा, ‘लवकरच येईल’वर टोकन देऊ नका. सातबारा आणि एनए (जमीन बिगरशेती केल्याचा) आदेशही तपासा. उल्हास नदीची पूररेषा तर नक्कीच. जुलै २०१९ च्या पुरात बदलापूरला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पंप, टाकी सगळं स्वतःच्या खिशातून.

प्रतिसाद १: बरोबर. टॉवरचा मेंटेनन्स मात्र कधीच संपत नाही. दर कार्पेटवर (घरातली वापरायची जागा) की सेलेबलवर (त्यात जिना, लॉबी वगैरेचा वाटा धरून) लावणार, ते लेखी घ्या. दोन वर्षांचा बऱ्याचदा ताब्याच्या वेळी एकरकमी मागतात, तोही रोकडीत धरा.

प्रतिसाद ३: दोन्ही व्यवहार ५० लाखांवरचे आहेत. विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून सरकारकडे भरायला विसरू नका, नाहीतर व्याज लागतं.