पिकअपची चासी वाढवून हौदा १२ फुटी करायचाय, मुंबईत कुठे करावं?

भांडुप_जिप्सम

नमस्कार मंडळी. माझं जिप्सम सीलिंगचं काम आहे, भांडुप ते ठाणे या पट्ट्यात. गाडी २०१८ची बीएस-४ पिकअप, हप्ते फिटलेत, इंजिन ठणठणीत. हौदा आतून ८ फूट ४ इंच. बोर्ड ६ बाय ४चे असतात, ते आडवे आरामात बसतात. अडचण चॅनेलची आहे, म्हणजे बोर्ड ज्यावर बसवतात त्या पत्र्याच्या लांब पट्ट्यांची. सीलिंगचे सगळे सेक्शन १२ फुटी येतात. इतकी वर्षं मागचा फाळका पाडून, टोकाला लाल फडकं बांधून नेत होतो. गेल्या महिन्यात ऐरोलीजवळ अडवलं आणि माल मागे बाहेर आल्याचं २० हजारांचं चलान हातात पडलं. एका फ्लॅटच्या कामात जे सुटतं ते सगळं त्यात गेलं.

कळंबोलीला एका गॅरेजवाल्याने सांगितलंय की चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) मधून कापून साडेतीन फुटांचा तुकडा टाकतो, नवा हौदा चढवतो, आठ दिवसांत गाडी घेऊन जा. ४८ हजार म्हणतोय. नवीन गाडीच्या मानाने काहीच नाही. कुणी करून घेतलंय का? विश्वासाचा मिस्त्री कोण? आरसीवर नोंद कशी करायची?

वडाळा_पासिंग

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी ऐका, कारण त्यावर बाकी सगळं अडतं. नोंद होणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने गाडीची जी मूळ माहिती दिली आहे, तिच्याशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, आरसीवर छापलेला असतो. आधी काही जण आरटीओकडून परवानगी मिळवायचे, पण जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम कडकपणे लावलं आणि ती वाट बंद झाली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तुमची गाडी २०१८ची, म्हणजे आठ वर्षांची झाली की फिटनेसची तपासणी दर वर्षी. इन्स्पेक्टरने टेप लावली की गाडी तिथेच अडकते. आणि विमा कंपनीला अपघातानंतर सर्व्हेअर पाठवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात क्लेम नाकारण्याचं कारण तयार असतं.

लाल फडक्याचंही सांगतो. सळ्या-पाइप मागे बाहेर काढून न्यायची जी सवलत होती ती २०१४ मध्ये गेली. फडकं बांधलं काय, न बांधलं काय, गुन्हा तोच.

मीरारोडकर

कायदा बरोबर असेल, पण रस्त्यावर बघा की. माझ्या मामांची गाडी अशीच वाढवलेली आहे, तीन वर्षं भाजी वाहतेय, काही झालेलं नाही. चांगला वेल्डर असला की झालं.

चासी_काका

मी ३१ वर्षं बॉडी आणि चासीचं काम केलं. तरुणपणी मीही चासी कापून वाढवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाजी आणि जिप्सम यांत फरक आहे, मामांच्या गाडीवर जाऊ नका.

चासीचा पोलादी सी आकार बघा. उभी बाजू आणि वर-खाली दोन पट्ट्या. गाडीवर भार आला की वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. सगळ्यात जास्त ताण त्या दोन पट्ट्यांच्या कडांवर असतो. म्हणूनच कंपनी पट्ट्यांना सहसा भोक पाडत नाही, भोकं बहुतेक उभ्या बाजूला असतात. आता गॅरेजवाला काय करतो? सरळ उभा काप मारतो आणि खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड ओढतो. जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथेच जोड. वेल्डच्या बाजूची जागा तापून वेगळी झालेली असते, त्यात कडेला बारीकशी खाच राहिली की तडा तिथूनच सुरू होतो.

नीट करायचं तर काप तिरका किंवा पायऱ्यांचा घ्यावा लागतो, म्हणजे वरच्या आणि खालच्या पट्टीचा जोड एका रेषेत येत नाही. आतून जाड पट्टी लावायची, तिची टोकं तिरकी कापायची. टोक चौकोनी ठेवलं तर वेल्ड टिकतो आणि त्याच्या शेजारचं मूळ लोखंड फाटतं. स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगतात त्या हँगरजवळ आणि क्रॉस मेंबरजवळ (दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीजवळ) कापायचं नाही. लो हायड्रोजन रॉड वापरायचा, तोही कोरडा. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड दमट झालेला असतो आणि कुणी बघत नाही. बॅटरी आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) सोडवून ठेवायचे. आठ दिवसांत ४८ हजारांत हौद्यासकट हे सगळं होत नाही.

आणि समजा झालं. तरी साडेतीन फूट लांब झालेल्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा, लांबवायचा, सेंटर बेअरिंगची जागा बदलायची, बॅलन्सिंग करायचं. नाहीतर ताशी ५०च्या पुढे केबिन थरथरते आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर जातात. ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, मागची वायरिंग सगळं वाढवायचं. व्हीलबेस ३००० मिमी धरला तर तो ४००० मिमीच्या वर जातो. मधल्या भाराने चासीला वाकवणारा जो जोर येतो तो त्याच प्रमाणात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वाढतो. लोखंड मात्र पूर्वीच्याच जाडीचं. वळायला लागणारी जागाही साधारण तेवढीच वाढते. भांडुपच्या गल्ल्यांत आणि सोसायटीच्या गेटात तुम्हाला रोज ते जाणवेल.

लालबाग_मंडप

काकांचं म्हणणं माझ्या घरात घडलंय. आम्ही २०१६ला एक जुनी पिकअप वाढवून घेतली, बांबू आणि ट्रससाठी. मी हिशेब बघते, गाडी दीर चालवतात. दीड वर्ष छान चालली. मग एक दिवस ते म्हणाले, वहिनी, केबिन आणि हौदा एकमेकांना टेकायला लागलेत. आधी मधली फट वर-खाली सारखी, तीन बोटांची होती. आता खाली तीन बोटं आणि वर जेमतेम एक. खाली वाकून बघितलं तर जोडाला लावलेल्या पट्टीच्या टोकाशी खालच्या कडेवर गंजाची लालसर रेघ होती, केसाएवढी. नख फिरवलं की अडकायचं. मिस्त्रीने पुसून दाखवलं, आत चकाकतं लोखंड. चासी फाटत होती. विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात आम्ही ती गाडी भंगारात दिली. वाटेत मोडली असती तर पुढे गर्दी होती, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. भाऊ, करू नका.

भांडुप_जिप्सम

ताई, वाचून हादरलो. मग मधे न कापता फक्त मागे चासी वाढवली तर? मागच्या चाकांच्या पुढचं काही हलवायचंच नाही. शाफ्टही तोच राहील.

चासी_काका

शाफ्ट वाचतो, स्टिअरिंग जातं. मागच्या एक्सलच्या मागे १२०० मिमीवर ३०० किलो माल ठेवलात आणि व्हीलबेस ३००० असला, तर पुढच्या चाकांवरचं १२० किलो वजन उचललं जातं आणि मागच्या एक्सलवर ४२० किलो येतं. घाटकोपरच्या उड्डाणपुलावर पावसात ब्रेक मारा, पुढची चाकं रस्ता धरत नाहीत. शिवाय नियमाने मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या एक्सलच्या मागे निघालेला भाग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ३०००ला १८००, आणि कंपनीने त्यातला बराचसा आधीच वापरलेला असतो.

मुलुंड_फॅब्रिकेशन

मी थोडं वेगळं विचारतो. तुमच्या मालात लांब काय आहे? फक्त चॅनेल, आणि तो हलका. जड आहेत बोर्ड, ते ६ फुटी. म्हणजे हलक्या मालासाठी तुम्ही गाडीचा कणा कापायला निघालात.

मोठी पिकअप घ्यायची म्हटलं तरी बघा. बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये हौदा ३०५० मिमीपर्यंत मिळतो, इंट्रा व्ही५०चा २९६०. चॅनेल १२ फूट, म्हणजे ३६६०. रुंदी १७०० धरून ३०५०च्या हौद्याचा कर्ण काढला तर ३४९० येतो. तिरका टाकूनही बसत नाही. पिकअप बदलूनही प्रश्न तसाच.

तुमच्या गाडीवर घोडी बसवा. हौद्याच्या पुढच्या फळीला बोल्टने एक चौकट, केबिनच्या छतापेक्षा चार बोटं उंच, छताला न टेकणारी. मागे फाळक्याजवळ तेवढ्याच उंचीची दुसरी, पिनवर काढता येईल अशी. चॅनेल वर सपाट जातो. मागचं टोक फाळक्याच्या आत, पुढे ३ फूट ८ इंच केबिनवर. बोनेटच्या पुढे जात नाही, मागे बाहेर येत नाही. खाली बोर्डाला सगळी जागा मोकळी. चासीला हात नाही, वेल्डिंग नाही. पासिंगच्या आधी इन्स्पेक्टरला घोडी दाखवून विचारून घ्या, हे नक्की करा.

एक गोष्ट मात्र सोडू नका. जीआय (जस्ताचा थर दिलेला) चॅनेल गुळगुळीत असतो, ब्रेक मारला की गठ्ठा पुढे सरकतो, आणि पुढे माणसं असतात. पुढच्या घोडीला उभा ओठ ठेवा, गठ्ठा त्याला टेकला पाहिजे. सुतळी वापरू नका, चॅनेलची कड ती कापते. रॅचेटचा पट्टा घ्या, खाली जुन्या ट्यूबचे तुकडे.

वडाळा_पासिंग

हे पटलं. वर फक्त चॅनेल ठेवा, बोर्ड चुकूनही नको. उंचावर वजन गेलं की वळणावर गाडी झुकते.

भांडुप_जिप्सम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दुकानासमोर गाडी लावली आणि १२ फुटी चॅनेल हातात धरून मोजलं. मुलाने मागे फाळक्याशी धरला, मी केबिनवर. समोरच्या काचेच्या वरच्या कडेपाशी संपतो, काच मोकळी. इतकी वर्षं गाडी चालवतोय, हे एकदाही मोजलं नव्हतं.

कळंबोलीवाल्याला नकार कळवला. मुलुंडकर दादा, चौकटीला दीड इंची चौकोनी पाइप पुरेल का? एका वेळी ७० ते ८० चॅनेल असतात.

मुलुंड_फॅब्रिकेशन

पुरेल, पण मागच्या घोडीला दोन्ही बाजूंनी तिरका टेकू द्या. नाहीतर ती डुलेल. येताना एक चॅनेल सोबत घेऊन या, गाडीवरच माप घेऊन पाइप कापू.