मदत हवी आहे: आगीच्या दांडपट्ट्याने खेळाचा तोल गेलाय

विसाचा_फासा: रविवारी परत डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) खेळायला बसायचंय, त्याआधी सांगा. पन्हाळ्याच्या वेढ्यावर मोहीम रचलीय. एकाला पेटता दांडपट्टा दिला, प्रत्येक वाराला वरून २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) आगीचं डॅमेज. आता ओगर (धिप्पाड राक्षस) एका फेरीत आडवा. बाकी तिघांना कामच उरत नाही. विझार्ड खेळणारी ताई परवा फासे पिशवीत भरून गप्प बसली. पट्टा काढून न घेता काय करू?

तटबंदी: आवृत्ती कुठली? लेव्हल, क्लास? अट्यूनमेंट (जादूच्या वस्तूशी पात्राने आधी जुळवून घेणं) लागतं का? एवढंही न सांगता काय सुचवणार भावा?

विसाचा_फासा: पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. फायटर, लेव्हल ५, स्ट्रेंग्थ १८. अट्यूनमेंट नाही.

रात्रपाळी: मॉन्स्टरचे हिट पॉइंट्स (किती मार सोसतो तो आकडा) दुप्पट कर, विषय संपला. मी कायम तेच करतो. पुस्तकातली फ्लेम टंग ही पेटती तलवारसुद्धा २डी६ देतेच की.

तटबंदी: ती पेटवायला बोनस ॲक्शन (वारांखेरीजची छोटी जादा कृती) लागते, अट्यूनमेंटही लागतं. आणि हिट पॉइंट्स वाढवले तर त्या ताईचे वार आणखी फिके पडणार. हिशोब बघा: १डी८ चे सरासरी ४.५, स्ट्रेंग्थचे ४, आगीचे ७. एका वाराला १५.५. ॲक्शन सर्ज (फायटरला त्याच फेरीत मिळणारी जादा ॲक्शन) धरून चार वार, सगळे लागले तर ६२. ओगरचे हिट पॉइंट्स ५९!

रात्रपाळी: मग आगीने न भाजणारे शत्रू आण.

तटबंदी: बक्षीस द्यायचं आणि तेच निकामी करायचं? पोराचा हिरमोड होईल. आग फेरीत एकदाच लागू दे. चार वारांचे ४१ होतात, ओगर १८ वर जिवंत राहतो, बाकीच्यांनाही हात मारता येतो.

तालीमवाला: खेळातलं मला कळत नाही, पण पट्टा तलवारीसारखा धरत नाहीत. मूठ कोपरापर्यंत झाकणारी, हात आत घालायचा. मनगट वळत नाही, सगळी फिरकी खांद्यातून. हातातून पाडून दाखवा कुणी! मर्दानी खेळात पट्ट्याने लिंबू कापतात, एकदा जवळून बघा.



विसाचा_फासा: तालीमवाले काका, हेच पाहिजे होतं! आग फेरीत एकदाच, अट्यूनमेंट सक्तीचं, आणि त्या बदल्यात पट्टा हातातून कधीच पाडता येणार नाही. आज रात्रीच पोराला फोन करतो, टेबलावर ऐनवेळी सांगणं बरं नाही.

तटबंदी: बोनस ॲक्शनचं पण ठरव.